वेण्णेचा डोह, टांगानिकाचे सरोवर : एका ‘अवशेषा’ची कथा

शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) यांच्याविषयीच्या चरित्रपर टिपणांत एक वाक्य थोड्याफार फरकाने हमखास भेटते : तोपर्यंत केवळ आफ्रिकेत असल्याचे मानले गेलेले गोड्या पाण्यातील जेलीफिश त्यांनी सह्याद्रीत शोधून काढले. वाक्य खरे आहे आणि अभिमानाने सांगावे असेही आहे. पण ते वाचून पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हा जीव आफ्रिकेतच असतो, या समजुतीमागे नेमके काय होते? ती समजूत मोडल्याने काय मोडले? हे प्रश्न न विचारल्यामुळे ज्ञानाच्या इतिहासातील एक मोठी घटना आपल्याकडे ‘प्रथम कोणी’ या सदरातली एक नोंद होऊन बसली आहे. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. प्राणिशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही ही हकिकत आम्हाला आमच्या प्रांतातली वाटते. उगम, परंपरा, प्रभाव आणि साम्य या ज्या शब्दांवर वाङ्मयेतिहास उभा असतो, त्यांचीच परीक्षा तीत झालेली आहे.

आधी एक नामसाधर्म्य दूर करून ठेवायला हवे, कारण मराठीच्या विद्यार्थ्याच्या मनात या आडनावाने प्रथम ‘सुधारक’कारच उभे राहतात. गोपाळ गणेश आगरकर वेगळे आणि शं. पु. आघारकर वेगळे. आगरकरांचा जन्म कऱ्हाडजवळच्या टेंभूचा, कृष्णाकाठचा. आघारकरांचा मालवणचा, समुद्रकाठचा. योगायोग असा, की समुद्रकाठच्या या माणसाला त्याचे पहिले मोठे संशोधन सापडले ते सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्याच एका उपनदीत. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवीत असतानाची, १९११–१२ सालची ही गोष्ट आहे. त्या वेळी त्यांनी वयाची तिशीही गाठलेली नव्हती.

जेलीफिश हा आपल्या मनात समुद्राचाच जीव आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाचकाला तो भेटतो तो भरतीच्या पाण्यात, जाळ्यात अडकलेल्या चिकट गोळ्याच्या रूपात किंवा किनाऱ्यावर पडलेल्या पारदर्शक थाळीच्या रूपात. आंतरगुही संघातले हे प्राणी जवळजवळ सगळे खारे आहेत. त्यांच्यातील अनेकांच्या आयुष्यात दोन अवस्था असतात : तळाला किंवा दगडाला चिकटून राहणारी, जेमतेम दिसणारी पॉलिप अवस्था, आणि तिच्यापासून सुटून पाण्यात तरंगणारी छत्रीच्या आकाराची मेड्युसा अवस्था. आपण जेलीफिश म्हणतो ते या छत्रीला. ती अल्पायुषी आणि देखणी असते. पॉलिप चिवट आणि अनाकर्षक. पुढच्या सगळ्या कथेची किल्ली या भेदात आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

गोड्या पाण्यातही असा जीव असू शकतो, हे युरोपला प्रथम ठळकपणे कळले ते १८८० च्या जूनमध्ये, आणि तेही लंडनच्या मधोमध. रीजंट्स पार्कमधील वनस्पती उद्यानात दक्षिण अमेरिकेतील राजकमळासाठी उबदार पाण्याचे टाके बांधलेले होते. त्या टाक्यात एके दिवशी लहानलहान जेलीफिश पोहताना सोवर्बी नावाच्या तेथील अधिकाऱ्याला दिसले. रे लँकेस्टर आणि जॉर्ज ऑलमन या दोन नामवंत प्राणिशास्त्रज्ञांनी जवळजवळ एकाच वेळी त्याचे वर्णन केले, त्याला दोन वेगळी नावे दिली आणि अग्रमानावरून त्यांच्यात वादही झाला. शेवटी टिकलेल्या नावात सोवर्बीची आठवण राहिली : क्रास्पेडाकुस्टा सोवर्बी. हा जीव मूळचा चीनमधील यांग्त्से नदीच्या खोऱ्यातला आणि तो पाणवनस्पतींबरोबर जगभर पसरला, हे पुढे कळत गेले. म्हणजे लंडनच्या टाक्यातला हा रहिवासी आगंतुक होता.

दुसरी वार्ता आली ती आफ्रिकेतून. १८८३ साली रिचर्ड बोम या जर्मन प्रवाशाने टांगानिका सरोवरात जेलीफिश पाहिले. पुढच्याच वर्षी तो आफ्रिकेत मरण पावला. १८९३ मध्ये रॉबर्ट गुंथर या इंग्रज अभ्यासकाने त्याचे सविस्तर वर्णन केले. (ऑक्सफर्डचे विज्ञानेतिहासाचे संग्रहालय पुढे ज्याने उभे केले तोच हा गुंथर.) लिम्नोक्निडा टांगानिकी असे या जीवाचे नाव. लंडनच्या टाक्यातल्या जीवापेक्षा तो निराळा होता; त्याच्या प्रजनन ग्रंथी छत्रीच्या नलिकांवर नसून मुखनलिकेच्या भिंतीवर होत्या. समुद्रापासून शेकडो मैल आत, सुमारे दीड किलोमीटर खोल असलेल्या एका सरोवरात हा समुद्राचा जीव कसा आला? या प्रश्नाने त्या काळच्या विद्वानांना झपाटले.

जॉन एडमंड शॅरॉक मूर याने त्याचे उत्तर दिले. १८९५ पासून त्याने टांगानिकाच्या दोन मोहिमा केल्या आणि १९०३ मध्ये ‘द टांगानिका प्रॉब्लेम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पेशीविभाजनाच्या अभ्यासात ‘मायोसिस’ ही संज्ञा रूढ करणाऱ्या दोघांपैकी एक हाच मूर. तेव्हा तो कच्चा अभ्यासक नव्हता. त्याचे म्हणणे असे की टांगानिका हा एका प्राचीन समुद्राचा तुटून राहिलेला तुकडा आहे. समुद्र कधीकाळी मागे हटला, हे पाणी मागे राहिले, हळूहळू गोडे झाले आणि त्याबरोबर त्यातले काही समुद्रजीवही गोड्या पाण्याला सरावले. जेलीफिश हा त्यांपैकी एक. दुसरा पुरावा सरोवरातील गोगलगायींचा. त्यांचे शिंपले ज्युरासिक काळातील सागरी जीवाश्मांसारखे दिसत. म्हणून तो समुद्र ज्युरासिक काळातला, असे अनुमान त्याने केले.

ही कल्पना कथा म्हणून किती मोहक आहे, ते पाहा. समुद्र निघून गेला आणि त्याचे लेकरू डोंगरांमागे राहिले. ते आपल्या मूळ घराची खूण अंगावर वागवीत परक्या पाण्यात जगत आहे. यात ताटातूट आहे, वनवास आहे, ओळख पटवणारी खूण आहे. कर्णाच्या कवचकुंडलांपासून लोककथेतल्या राजपुत्राच्या अंगठीपर्यंत आपण अशाच खुणांवर विश्वास ठेवत आलो आहोत. मूरच्या युक्तिवादातला कच्चा दुवाही नेमका तिथेच होता. साम्य हाच वंशाचा पुरावा, असे त्याने धरून चालले होते.

ही इमारत फार टिकली नाही. मूरचा ग्रंथ निघाला त्याच सुमारास तशाच जेलीफिशच्या नोंदी व्हिक्टोरिया सरोवरातून आणि पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदीतून आल्या. व्हिक्टोरिया उथळ आणि वेगळ्या घडणीचे. नायजर तर वाहती नदी. एकाच सरोवरासाठी रचलेली समुद्राची कथा आता किती ठिकाणी सांगणार? १९०४–०५ मध्ये टांगानिकावर गेलेल्या कनिंग्टनच्या मोहिमेनेही मूरच्या निष्कर्षाला दुजोरा दिला नाही. टांगानिका ही पृथ्वीचे कवच खचून तयार झालेली दरी आहे, तिचे वय सुमारे एक कोटी वर्षांच्या आसपास भरते, आणि ज्युरासिक काळ संपून १४ कोटींहून अधिक वर्षे लोटली आहेत, हे आज आपल्याला माहीत आहे. शिंपल्यांचे साम्य नात्यातून आलेले नव्हते. मोठ्या, लाटा उसळणाऱ्या, खडकाळ सरोवरात राहणाऱ्या गोगलगायींना समुद्रातल्यासारखेच जाड, कंगोरेदार कवच उपयोगी पडते. सारख्या परिस्थितीने सारखे रूप घडवले होते.

तरीही एक गोष्ट शिल्लक होती. सगळ्या नोंदी आफ्रिकेच्या होत्या. समुद्राची नाही, तरी एका खंडाची कथा सांगता येत होती. आघारकरांचा शोध येतो तो या टप्प्यावर.

वेण्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, जावळीच्या खोऱ्यातून मेढ्यावरून वाहत येते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. चंद्रराव मोऱ्यांमुळे जावळी आणि रामशास्त्री प्रभुण्यांमुळे माहुली ही नावे मराठी वाचकाच्या कानावरची आहेत. सह्याद्रीतल्या अशा नद्यांचे वर्षात दोन अवतार असतात. पावसाळ्यात त्या दगडधोंडे लोटत धावतात. उन्हाळ्यात धार तुटते आणि कातळातल्या खोलगट जागी पाणी साचून राहते. या साचलेल्या, एकमेकांपासून सुटलेल्या पाण्याला आपण डोह म्हणतो. मेढ्याजवळच्या वेण्णेत, पावसापूर्वीच्या अशा दिवसांत, जेलीफिश सापडले. नाण्याएवढी पारदर्शक छत्री, कडेला बारीक शुंडकांची झालर. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे प्रमुख नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि नाव दिले लिम्नोक्निडा इंडिका. प्रजाती नवी, पण प्रजातीच्या वरची पायरी, म्हणजे वंश, तोच, आफ्रिकेतला. त्याच संग्रहालयातील एफ. एच. ग्रेव्हली आणि आघारकर यांनी मिळून या जीवाच्या सवयी आणि आढळ यांवर टिपण लिहिले. ते १९१२ साली संग्रहालयाच्या ‘रेकॉर्ड्‌स’मध्ये आले.

या शोधाने नेमके काय केले, ते आता सांगता येईल. मूरच्या कल्पनेवरचा तो पहिला आघात नव्हता. पहिला आघात आफ्रिकेतच झाला होता. पण सातारच्या नोंदीने प्रश्नाची जागाच बदलली. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा. मेढ्याचा डोह हे काही सरोवरही नव्हे. दरवर्षी पावसाळ्यात त्यातले सगळे पाणी वाहून जाते आणि नवे येते. ‘समुद्राने मागे ठेवलेले पाणी’ ही कल्पना इथे कुठल्याच बाजूने बसत नाही. जो जीव मुळातच दरवर्षी वाहून जाणाऱ्या पाण्यात जगतो, त्याचे अस्तित्व जुन्या पाण्याच्या टिकण्याने समजावून देता येत नाही. ते त्याच्या स्वतःच्या टिकण्याच्या रीतीनेच समजावून द्यावे लागते.

ती रीत पॉलिपची आहे. छत्र्या पुराने गेल्या तरी दगडाला चिकटलेली सूक्ष्म अवस्था मागे राहू शकते, आणि अनुकूल ऊब आणि शांत पाणी मिळाले की ती पुन्हा छत्र्या सोडते. गोड्या पाण्यातल्या या कुळातील लंडनवाल्या जेलीफिशबद्दल तर हे सविस्तर माहीत आहे. त्याचा पॉलिप प्रतिकूल काळात गोळा होऊन सुप्तावस्थेत जातो आणि अशा अवस्थेत तो पाणवनस्पतींबरोबर दूरवर जाऊ शकतो. एखाद्या तळ्यात सगळे जेलीफिश एकाच लिंगाचे सापडतात, कारण ते सगळे एखाद्याच आगंतुक पॉलिपची संतती असतात. जे अचानक ‘प्रकटले’ असे वाटते, ते बहुधा आधीपासून तळाशी न दिसता असते.

इथे दुसरा एक मोह उभा राहतो, आणि तोही टाळायला हवा. आफ्रिका आणि भारत यांतील साम्य दिसले की जोडभूमीची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या नावावरून ‘गोंडवानालँड’ ही संज्ञा एडवर्ड झ्यूसने १८८५ मध्ये रूढ केली होती. आल्फ्रेड व्हेगेनरने खंडवहनाची कल्पना जाहीरपणे मांडली तीही जानेवारी १९१२ मध्ये, म्हणजे वेण्णेतल्या जेलीफिशची चर्चा चालू असतानाच. खंड सरकले हे पुढे सिद्ध झाले. पण म्हणून प्रत्येक समान जीव त्या खंडांवर बसूनच आला, असे ठरत नाही. सुप्त पॉलिपला प्रवासाचे याहून साधे मार्ग उपलब्ध असतात. एका मोहक उगमकथेच्या जागी दुसरी मोहक उगमकथा बसवणे, याला संशोधन म्हणत नाहीत.

मग ‘तुटलेल्या समुद्रातला जेलीफिश’ ही कल्पना सर्वस्वी खोटी आहे का? तसेही नाही. ती खरी असलेली ठिकाणे आहेत, पण मूरच्या कथेहून ती वेगळी आहेत. पश्चिम पॅसिफिकमधील पलाऊ या देशात चुनखडीच्या बेटांच्या पोटात खाऱ्या पाण्याची तळी आहेत. तेथील रॉक आयलंड्सचा प्रदेश २०१२ साली जागतिक वारसा ठरला, तेव्हा अशी ५२ तळी मोजली गेली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध तळे सुमारे १२,००० वर्षांचे आहे. हिमयुग संपताना समुद्र चढला, चुनखडीतल्या भेगांतून पाणी आत शिरले आणि डोंगरांमधला खळगा भरला. म्हणजे इथे समुद्र सोडून गेलेला नाही. तो आत आलेला आहे, आणि भेगांतून अजूनही थोडाथोडा येतो. आत आलेले सोनेरी जेलीफिश मात्र मोठ्या समुद्रापासून तुटले आणि हजारो वर्षांत बदलत गेले. त्यांच्या शरीरात शैवाल राहते, त्याला ऊन हवे, म्हणून लाखो जेलीफिश रोज सूर्यामागे तळ्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात. काठाच्या सावलीत त्यांना खाणारी समुद्रफुले असल्याने सावलीची रेषा ते सहसा ओलांडत नाहीत. पाच तळ्यांतल्या पाच उपप्रजाती २००५ साली मायकेल डॉसनने वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना पलाऊच्या राष्ट्राध्यक्षांची नावे दिली.

या तळ्याची आणखी एक हकिकत आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. १९९८ च्या सुमारास पॅसिफिकचे पाणी तापले आणि त्या तळ्यातील सोनेरी छत्र्या नाहीशा झाल्या. तळे रिकामे झाले असे दिसत होते. २००० पर्यंत त्या परतल्या, कारण तळाशी पॉलिप जिवंत होते. २०१६ मध्ये दुष्काळी काळात त्यांची संख्या पुन्हा कोसळली आणि नंतरच्या वर्षांत सावरू लागली. मेढ्याचा डोह काही महिन्यांचा, पलाऊचे तळे हजारो वर्षांचे. पण दोन्हीकडे टिकणे घडते ते डोळ्यांत भरणाऱ्या अवस्थेत नव्हे, तर दगडाला धरून राहिलेल्या अवस्थेत.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातून काय घेण्यासारखे आहे? निसर्गातल्या दाखल्याने साहित्यातले सिद्धान्त सिद्ध होत नाहीत, हे प्रथमच मान्य करू. पण विचार करण्याच्या सवयी दोन्हीकडे सारख्या असू शकतात. आपल्या वाङ्मयेतिहासात दोन कथा पुनःपुन्हा सांगितल्या जातात. एक अवशेषाची : अमुक प्रकार हा आपल्याच प्राचीन परंपरेचा, मध्ये तुटलेला पण शिल्लक राहिलेला अंश आहे. दुसरी आगंतुकाची : अमुक प्रकार परदेशातून आला आणि इथे रुजला. कादंबरीविषयी या दोन्ही कथा सांगितल्या गेल्या. तिचे नाव बाणभट्टाचे, ‘यमुनापर्यटन’चे साल १८५७ आणि घडण मिशनरी-इंग्रजी वाचनातली, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सुनीत आणि गझल यांबाबतही असेच वाद झाले. दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून पुढे येते ते बहुतेकदा साम्यच : हे त्यासारखे दिसते, म्हणून हे त्याचे. मूरने शिंपल्यांबाबत हेच केले होते.

वेण्णेचा डोह विचारतो तो प्रश्न निराळा आहे. हे कोठून आले, एवढे विचारून थांबू नका. हे इथे टिकते कसे, ते विचारा. छत्र्या दिसत नव्हत्या तेव्हा ते कोणत्या रूपात होते? एखादा वाङ्मयप्रकार शतकभर ‘लुप्त’ होतो आणि मग ‘प्रकटतो’, तेव्हा मधल्या काळात तो कीर्तनात, जात्यावर, शाळेच्या पाठांतरात किंवा हस्तलिखितांच्या बाडांत कोणत्या अनाकर्षक रूपात चिकटून होता, हे शोधणे कष्टाचे आहे. म्हणूनच ते कमी केले जाते. विलगता म्हणजे शुद्धता, ही समजूतही इथे तपासायला हवी. पलाऊचे तुटलेले तळे भेगांतून समुद्राशी बोलत असते. मेढ्याचा तुटलेला डोह दर पावसाळ्यात नदी होतो. कूपमंडूक हा शब्द आपण विहिरीच्या मर्यादेसाठी वापरतो. विहिरीत बेडूक कुठल्या वाटेने आला, हे मात्र आपण विचारत नाही.

आघारकरांचे पुढचे आयुष्य या एका शोधापुरते राहिले नाही. कलकत्ता विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली, त्यासाठी ते जर्मनीला गेले आणि पहिल्या महायुद्धात तेथेच अडकून पडले. परतल्यावर त्यांनी कलकत्त्यात दीर्घकाळ अध्यापन केले. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, तिचे ते संस्थापक-संचालक. १९९२ मध्ये त्या संस्थेला आघारकर संशोधन संस्था हे नाव मिळाले. जेलीफिशच्या नावात मात्र आघारकर नाहीत. लंडनच्या टाक्याजवळच्या सोवर्बीला जे मिळाले, ते मेढ्याच्या डोहात उतरलेल्या प्राध्यापकाला मिळाले नाही. तेथे देशाचे नाव आले. अ‍ॅनंडेल यांनी ते आकसाने केले असे म्हणण्याचे कारण नाही. स्थळनाम देण्याची रीत रूढ होती, आणि पुढच्या टिपणावर आघारकरांचे नाव सहलेखक म्हणून स्वच्छ आहे. पण ‘इंडिका’ या शब्दामागे वेण्णा, मेढे आणि एक मालवणी माणूस आहे, हे मराठीत सांगण्याचे काम आपलेच होते, आणि ते आपण एका वाक्यात उरकले.

कथेचा शेवटचा धागा आमच्या परिसराकडे येतो. १९५१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिम्नोक्निडा इंडिकाची सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील पाण्यातून नोंद प्रसिद्ध झाली. कृष्णेचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते, पश्चिम उताराचे अरबी समुद्राला. दोन उलट दिशांना वाहणाऱ्या पाण्यांत तोच जीव सापडल्यावर ‘एकाच खोऱ्याचा रहिवासी’ हीदेखील एक जास्तीची समजूत ठरली. आमची उल्हास नदी याच पश्चिम उतारावर, लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि कल्याण-डोंबिवलीवरून वाहत येऊन खाडी होते. जुन्या ग्रीक प्रवासवर्णनांत नाव असलेले कल्याण बंदर आज समुद्रापासून तुटल्यासारखे वाटते. भरती मात्र दिवसातून दोनदा त्याच्या पायथ्याशी येऊन जाते. वेण्णेवर आता कण्हेरचे धरण आहे आणि डोहांची गणिते बदलली आहेत. लहान, उन्हाळी, नावही नसलेले पाणी हे कोणत्याही विकासाच्या नकाशात सर्वांत आधी पुसले जाते. पुसताना त्याच्या तळच्या दगडाला काय चिकटलेले होते ते कुणी पाहिलेले नसते. १९११ मध्ये एका तरुण प्राध्यापकाने ते पाहिले होते.